दारातला सहादू

“माझ्यावर चेंडू मारा रे, फुलं कसली मारता!”

मस्कतहून सुट्टीवर आलेल्या सहादू पगारेने नाशिकरोड स्टेशनवर उतरल्याबरोबर काढलेलं हे पहिलं वाक्य. साल त्र्याऐंशी, थंडी सरत आलेली. बँड वाजत असल्यामुळे ते बहुतेकांना ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांना तो विनय वाटला. आमच्याकडे माणूस मनापासून काही बोलला की तो विनय समजतात, आणि विनयाबद्दल त्याला आणखी एक हार घालतात. सहादूच्या गळ्यात इतके हार झाले की त्याला समोरचं दिसेना. परदेशात ज्याच्या नजरेतून चेंडू कधी सुटला नाही, तो माणूस प्लॅटफॉर्मवर हमालाच्या गाड्याला अडखळून पडला. पडता पडता त्याने कोणाच्या तरी हातून उडालेला नारळ हवेतच झेलला. टाळ्या झाल्या.

गर्दीत त्याची आई चांगुणाबाई उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

सहादू आमच्या कॉलनीतला. कॉलनी म्हणजे रेल्वेलाइन आणि नाला यांच्या मधे उरलेली जागा. त्या उरलेल्या जागेतही थोडी जागा उरली होती, तिला आम्ही ग्राउंड म्हणायचो. एका टोकाला रेल्वेची भिंत, दुसऱ्या टोकाला नाला. भिंतीकडच्या गोलात काही धोका नव्हता; चेंडू आपटून परत यायचा. नाल्याकडच्या गोलातून गेलेला चेंडू मात्र सरळ उतारावरून नाल्यात जाई. आणि नियम असा होता की गोलात जो उभा असेल त्यानेच नाल्यात उतरून तो आणायचा.

त्या नाल्याचं वर्णन मी करणार नाही. साऱ्या वस्तीने जे जे नाकारलं ते तिथे शांतपणे एकत्र राहत होतं. सहादू लहानपणी दोनदा त्यात उतरला. दोन्ही वेळा चांगुणाबाईने त्याला दारात उभं करून, सगळ्या कॉलनीसमोर, नारळाच्या काथ्याने घासून काढलं. तिसऱ्यांदा उतरायचं नाही असं त्याने ठरवलं. जगात लोक देशासाठी गोल अडवतात, कीर्तीसाठी अडवतात. सहादू आंघोळ टाळण्यासाठी अडवत असे. आणि आंघोळीची भीती ही देशप्रेमापेक्षा रोजची गोष्ट आहे.

त्याच्यावर चेंडू मारायला खाजा असायचा. खाजा जुन्या नाशकातला, कल्हईवाल्याचा मुलगा. सायकल मारत एवढ्या लांब यायचा. त्याच्या पायात असा जोर की चेंडूपाठोपाठ बूटही सुटून यायचा. सहादू चेंडू एका हाताने आणि बूट दुसऱ्या हाताने धरायचा आणि म्हणायचा, “खाजा, दोनातलं एक काय ते नक्की कर.”

चांगुणाबाईला या खेळाबद्दल काही माहीत नव्हतं. तिला दारं माहीत होती. लहानपणी बापाचं बोट धरून ती काळारामाच्या बंद दारापुढे बसलेली. त्या सत्याग्रहातलं तिला आठवायचं ते पोलिसांचे पाय आणि बापाने पदरात घातलेले फुटाणे. पण दार उघडलं नाही हेही ती विसरली नव्हती. पुढे तिचं लग्न भिका पगारेंशी झालं. भिका पगारे आयुष्यभर एका गोदामाच्या फाटकावर रखवालदार होते. उन्हात उभे राहायचे, गाड्या आत सोडायचे. आत काय आहे असं कोणी विचारलं तर म्हणायचे, “आतलं आतल्यांना माहीत.” ते गेले तेव्हा चांगुणाबाईने रडून झाल्यावर एकच गोष्ट बोलून दाखवली: पोरगा दाराशी उभा राहणार नाही. पोरगा आत जाईल.

सहादू आयटीआयला गेला, फिटर झाला आणि शहात्तर साली पाइप टाकणाऱ्या एका कंपनीतून मस्कतला गेला. चांगुणाबाईला वाटलं, गेला एकदाचा आत.

तिकडे शुक्रवारी सुट्टी. कामगारांच्या कॅम्पात केरळचे आणि गोव्याचे लोक फुटबॉल खेळत. गोलकीपर गोव्याचा एक स्वयंपाकी होता. एका शुक्रवारी त्याला गालगुंड झाले आणि सहादूला गोलात उभं केलं. सहादूने सगळ्यात आधी मागे वळून पाहिलं. मागे जाळी, जाळीमागे वाळू, वाळूमागे समुद्र. नाला नव्हता. पण नाला नाही यावर विश्वास बसायला माणसाला वेळ लागतो. काही जणांना सगळं आयुष्य पुरत नाही. सहादू नाला आहे असं धरून खेळला आणि त्या दिवशी त्याच्या अंगावरून काही पलीकडे गेलं नाही.

बंदरावरच्या एका क्लबाने त्याला कंपनीकडून मागून घेतलं, शेजारणीकडून विरजण मागून घेतात तसं. विरजण चांगलं निघालं. क्लब कप जिंकू लागला. तिथल्या न्हाव्याने दुकानात सहादूचा फोटो लावला. दाढी करताना लोक त्याच्याकडे पाहून मान वर करायचे, तेवढीच न्हाव्याची सोय. सुट्टीवर निघताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला आणि काही न सांगता हातातला शिक्का जोरात त्याच्या डोक्यावरून भिरकावला. सहादूने उडी मारून तो धरला. अधिकाऱ्याने आनंदाने आजूबाजूच्यांना बोलावलं आणि पुन्हा फेकला. मागे लांब रांग लागली होती, पण कोणी तक्रार केली नाही.

ही सगळी कीर्ती चांगुणाबाईपर्यंत पोचली ती एका रंगीत फोटोच्या रूपाने. कॉलनीतल्या बालवाडीच्या बाई, लताबाई, त्यांच्याकडे ती फोटो घेऊन गेली.

“लताबाई, ह्या सगळ्यांना लाल सदरे हायेत. माझ्याच पोराला पिवळा का?”

“अहो, तो गोलकीपर आहे ना. त्याचा वेगळाच असतो.”

“वेगळा का?”

“ओळखू यावा म्हणून.”

“कशाला ओळखू यावा?” चांगुणाबाईने विचारलं. तिच्या वयाच्या बाईला ‘ओळखू यावा’ याचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. “आणि हे सगळे पळून राहिले, हा एकटा दाराशी उभा हाय.”

“दार नाही ते, गोल आहे. उलट चांगुणाबाई, सगळ्या मैदानात याला एकट्यालाच चेंडूला हात लावायची परवानगी असते.”

“मग हातमोजे का घातलेत?” चांगुणाबाई म्हणाली. “याचा हात लागला तर इटाळतो का चेंडू?”

लताबाई बी.ए. झाल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला.

तेव्हापासून तो फोटो तांदळाच्या डब्यामागे गेला. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं तर चांगुणाबाई “पायपाच्या कामाला हाय” एवढंच सांगायची. पेपरात सहादूचं नाव छापून आलं तेव्हा लोक पेढे मागायला आले, तर ती म्हणाली, “इतक्या लांब जाऊन दारातच उभा राहिला, त्याचे पेढे?”

सहादूला हे कळलं ते स्टेशनवरून घरी आल्यावर, पहिल्याच जेवणाला. तिने भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, “अजून दारातच उभं करत्यात का रे?”

सहादूने तिला समजावून सांगितलं. पोळपाट म्हणजे मैदान, दोन वाट्या म्हणजे खांब, लसणाची पाकळी म्हणजे चेंडू आणि लाटणं म्हणजे तो स्वतः. चांगुणाबाईने सगळं नीट ऐकलं.

“मग हे लाटणं पळत का नाय?”

“त्याला पळायचं कारणच नसतं आई.”

“कारण नसतं का पळू देत नाय?”

सहादूने घास खाली ठेवला. आता त्याने मनाशी ठरवलं की परत जाण्याआधी आईला एक सामना दाखवायचा. हार नको, भाषण नको. तिने खुर्चीवर बसून पाहावं की दारात उभा असलेला माणूस कोण असतो. ते न दाखवता तो गेला, तर ती उरलेल्या आयुष्यात त्या फोटोपुढे तांदळाचा डबाच ठेवणार होती.

म्हणून तो कारभारीअण्णांकडे गेला. कारभारीअण्णा प्रगती क्रीडा मंडळाचे अध्यक्ष होते. पिंपळगाव बसवंतला त्यांची कांद्याची अडत होती, आणि कोणत्याही खेळाबद्दल त्यांचं मन कलुषित झालेलं नव्हतं, कारण त्यांनी कोणताही खेळ पाहिला नव्हता.

“सामना ना? ठेवू की!” अण्णा म्हणाले. “पण आधी सत्कार. सत्कार झाल्याशिवाय माणसाने काय केलं ते लोकांना कळत नाही.”

मग सत्कार सुरू झाले. पिंपळगावला त्याची द्राक्षतुला झाली. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात सहादू, दुसऱ्यात थॉमसन द्राक्षांच्या पेट्या. फोटो झाल्यावर पेट्या टेम्पोत चढवल्या, कारण तो माल मुंबईला जायचा होता, आणि सहादूच्या हातात एक घोस दिला. कळवणला एका वक्त्याने त्याला हॉकीचा जादूगार म्हटलं आणि स्मृतिचिन्ह म्हणून हॉकी स्टिक दिली. नामपूरला कांद्याच्या मार्केटात सत्कार चालू असताना पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला अहिराणीत विचारलं,

“हाऊ कितला गोल करस?”

“एक बी नही. हाऊ गोल होऊच देत नही.”

“मंग सत्कार कसाना शे?” म्हातारा म्हणाला. सहादूला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. सगळ्या दौऱ्यात विचार करून बोललेला तोच एक होता.

घरात शाली साचल्या. चांगुणाबाईने त्यांची गोधडी शिवायला घेतली. नारळ तर इतके झाले की कॉलनीतल्या प्रत्येक घरच्या आमटीत खोबरं पडू लागलं. चांगुणाबाई नारळ फोडता फोडता म्हणाली, “फुलं देत्यात, नारळ देत्यात, पण खेळायला घेतलं का तुला कोणी अजून?”

सहादू परत अण्णांकडे गेला. सुट्टी संपत आली होती. अण्णांनी अखेर निघायच्या आदल्या दिवशी कॉलनीच्या ग्राउंडवर सामना जाहीर केला. एका संघात सहादू, समोरच्यात खाजा. खाजा आता कल्हईचं दुकान सांभाळत होता, पोट सुटलं होतं, पण पाय तोच होता. त्याने नवीन बूट घेतले. तो सहादूला म्हणाला, “तुझ्या आईसमोर असा हाणतो की तुझे हातमोजे जळतील.” सहादू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

सामन्याच्या दिवशी दुपारी अण्णांनी सहादूला वगळून दोन्ही संघांना मंडपामागे बोलावलं.

“नीट ऐका. सहादूभाऊ आज सत्कारमूर्ती आहेत. त्यांच्यावर गोल झाला तर आपल्या जिल्ह्याचं नाक कापलं जाईल. तेव्हा कोणीही त्यांच्या दिशेने चेंडू मारायचा नाही. मंडळाचा ठराव झाला आहे.”

“मग अण्णा, मी तिथे काय करू?” खाजाने विचारलं.

“तू पळ. तू छान पळतोस.”

सहादूला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने आपणहून नाल्याकडचा गोल मागून घेतला. मस्कतचा पिवळा सदरा, हातमोजे आणि डोक्यावर गुलाबी फेटा. फेटा काढायचा नाही अशी अण्णांची सक्त ताकीद होती. फोटो काढायचे होते. पहिल्या रांगेत लताबाई आणि त्यांच्या शेजारी, नवं लुगडं नेसलेली चांगुणाबाई.

शिट्टी झाली. सामना सुरू झाला आणि चेंडू भिंतीकडे गेला. तो भिंतीकडेच राहिला. सहादूच्या संघाने एक गोल केला, दुसरा केला. खाजा चेंडू घेऊन मध्यापर्यंत यायचा, सहादूकडे पाहायचा, दात आवळायचा आणि चेंडू मागे द्यायचा. एकदा चेंडू चुकून सहादूच्या दिशेने घरंगळला. तेव्हा दोन्ही संघांनी मिळून तो अडवला. ज्याच्या पायाला लागून तो गेला होता त्या पोराने येऊन हात जोडले. “चूक झाली दादा.”

“अरे मारा की!” सहादू ओरडला.

“नको दादा. तुम्ही पाहुणे.”

दोन खांबांच्या मधे सहादू उभा होता. फेट्याचा शेमला वाऱ्यावर हलत होता, तेवढीच त्या बाजूला हालचाल. माणसाचा इतका आदर केला की तो दिसेनासा होतो. सहादू मात्र दिसत होता, आणि नेमका आईला दिसत होता.

“बघा लताबाई,” चांगुणाबाई म्हणाली. “मी खोटं सांगत होते का? चेंडू शिवू देत नाय पोराला.”

या वेळी लताबाईंकडे ठेवायला चहाही नव्हता.

मध्यंतर झालं. सहादूने नाल्याकडचा गोल सोडला नाही, आणि पुन्हा तसंच सुरू झालं. चेंडू एकदा बाहेर गेला आणि चांगुणाबाईच्या पायाशी येऊन थांबला. तिने तो उचलला, काखेत मारला आणि सरळ मैदानात चालू लागली. पंचाने शिट्टी वाजवली.

“वाजव अजून,” ती म्हणाली. “फुग्यावाल्यासारखी.”

ती खाजापाशी आली. “तू रे खाजा, माझ्या घरी किती भाकरी खाल्ल्या?”

“मोजल्या नाहीत मावशी.”

“मग माझ्या पोराला चेंडू का देत नायस?”

खाजाने खाली पाहिलं. “अण्णांनी मनाई केलीये. म्हणे त्याच्यावर मारायचा नाही. त्याचा अपमान होईल.”

“आणि आता काय मान होऊन राहिला?” चांगुणाबाईने चेंडू त्याच्या पायापुढे ठेवला. “मार.”

लाउडस्पीकरवरून कारभारीअण्णांचा आवाज आला, “कृपया सत्कारमूर्तींवर मारा करू नये! मातोश्रींनी जागेवर बसावं!”

“मार म्हणते ना!”

खाजा चार पावलं मागे गेला आणि आयुष्यभराची कल्हई पायात आणून त्याने चेंडू हाणला. चेंडू सुटला, पाठोपाठ नवा बूट सुटला. सहादू फेट्यासकट हवेत आडवा झाला. चेंडू त्याच्या उजव्या हातात बसला, बूट डाव्या हातात. “खाजा,” तो जमिनीवरून म्हणाला, “अजून तुझं नक्की होत नाही का रे?”

ग्राउंडवर आरडाओरडा झाला. चांगुणाबाई हसली नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, “अजून मार.”

मग ठराव मोडला. खाजाने मारले, त्याच्या संघाने मारले, मग सहादूच्या स्वतःच्या संघालाही राहवेना, त्यांनीही मारले. मंडळाच्या खजिनदाराने धोतर सावरून एक मारला. पंचाने शिट्टी खिशात टाकली आणि एक मारला. सहादू वर उडाला, खाली पडला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला. फेटा सुटून गळ्यात आला, सदरा मातीने माखून पिवळा होता हे सांगावं लागेल असा झाला. एकही चेंडू त्याच्या पलीकडे गेला नाही. लाउडस्पीकर सत्कारमूर्तींना वाचवा म्हणून सगळ्यांना हात जोडत होता.

दमून सगळे थांबले. चांगुणाबाई खाजाला म्हणाली,

“तुम्हाला समद्यांना तिथं आत घालायचा होता ना चेंडू?”

“हो मावशी.”

“मग?”

“हा जाऊ देईना.”

“त्याला कोणी सांगितलंय, जाऊ देऊ नको म्हणून? तुझ्या अण्णाने?”

“कोणी नाही. तिथे त्याचंच चालतं.”

“त्याचंच?”

“त्याचंच मावशी. कितीही मोठा माणूस आला तरी.”

चांगुणाबाईने त्या दोन खांबांकडे पाहिलं. चुना उडालेले, एक किंचित वाकलेला. त्यांच्या मधे तिचा मुलगा धापा टाकत उभा होता. मग तिने चेंडू उचलला, पुन्हा काखेत मारला, लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि चालू लागली. ती सहादूच्या अगदी समोर जाऊन थांबली.

“मला आत जायचंय,” ती म्हणाली.

सहादूने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. घाईने नाही, एक पाऊल मागे, एक पाऊल डावीकडे, पाहुण्याला वाट देतात तसा. चांगुणाबाई दोन खांबांमधून आत गेली. आत म्हणजे पलीकडे. तिथे उतार होता, थोडं गवत आणि नाल्याचा वास. तरी तिने चोहीकडे नीट पाहून घेतलं. मग काखेतला चेंडू खाली ठेवला. चेंडूला थांबायचं माहीत नव्हतं. तो हळूहळू घरंगळला, उताराला लागला आणि नाल्यात गेल्याचा आवाज आला.

“गोल!” खाजा एक बूट हातात घेऊन ओरडला. पंचाने खिशातून शिट्टी काढून वाजवली. सगळं ग्राउंड उसळलं. सहादू पगारेवर एवढ्या वर्षांत झालेला तो पहिला गोल, आणि त्याच्याएवढा खूश कोणीच दिसत नव्हता.

कारभारीअण्णांनी खाकरून लाउडस्पीकर सांभाळला. झालं ते जिल्ह्याच्या नाकाच्या दृष्टीने बरं की वाईट हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी जे येत होतं ते केलं. “आता आपले सत्कारमूर्ती मंचावर येऊन दोन शब्द बोलतील!”

टाळ्या झाल्या. चांगुणाबाई मुलाजवळ आली. तिने त्याच्या गालावरची माती अंगठ्याने पुसली, नाल्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “नियम हाय ना तुमचा? जा, घेऊन ये. मी पाणी तापत ठेवते. काथ्या लय हाय आता घरात.”

“सत्कारमूर्तींनी मंचाकडे यावं!” लाउडस्पीकर पुन्हा म्हणाला. “दोनच शब्द!”

सहादूने गळ्यातला फेटा काढून आईच्या हातात दिला. हातमोजे खाजाच्या बुटात कोंबले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि मंचाकडे पाठ करून, दोन्ही खांबांच्या मधून, एक शब्दही न बोलता तो नाल्याच्या दिशेने चालू लागला.